‘सौरवादळ’ नक्की कशाला म्हणायचं? आणि वॉच, वॉर्निंग, अलर्ट या तिन्हींना ‘इशारा’च का?

प्रश्न : ‘एक्स श्रेणीचं सौरवादळ पृथ्वीवर आदळणार’ अशी वाक्यं बातम्यांत दिसतात. फ्लेअर, सीएमई आणि जिओमॅग्नेटिक स्टॉर्म, तिन्हींना ‘सौरवादळ’ चालतं का?

उत्तर : नाही चालत. एक्स ही श्रेणी फक्त सौरज्वालेची, म्हणजे फ्लेअरची असते. ए, बी, सी, एम, एक्स ही क्ष-किरणांच्या तीव्रतेची उतरंड आहे आणि दर पायरीला तीव्रता दहापट होते. ज्वाला म्हणजे प्रारण, त्यामुळे ती ८ मिनिटं २० सेकंदांत येऊन पोचते. दिसली तेव्हाच ती आलेली असते. ‘आदळणार’ हे भविष्यकाळी क्रियापद तिला लागूच पडत नाही. तिच्यामुळे पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूला लघुलहरी रेडिओसंपर्क तुटतो.

आदळतो तो सीएमई, म्हणजे सूर्याच्या किरीटातून, त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, सुटलेला चुंबकित प्लाझ्मा (विद्युतभारित वायू). ‘किरीटीय वस्तुमान उत्सर्जन’ हा शब्द अचूक असला तरी बातमीच्या मथळ्यात बसत नाही. ‘सौरलोट’ म्हणावं. धुराचा लोट, पाण्याचा लोट आपण म्हणतोच, आणि इथेही द्रव्यच वाहून येतं. त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात, फार वेगवान असेल तर १५ ते १८ तास. मोठ्या ज्वालेबरोबर लोट सुटतोच असं नाही, आणि सुटला तरी त्याचा रोख पृथ्वीकडे असेलच असंही नाही.

भूचुंबकीय वादळ (जिओमॅग्नेटिक स्टॉर्म) तर सूर्यावर होतच नाही, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होतं. किरीट-विवरातून, म्हणजे किरीटातल्या विरळ भागातून, येणारा वेगवान सौरवाराही (सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा प्रवाह) ते उठवू शकतो. त्यात ज्वालेचा संबंध नसतो. विवर टिकून राहिलं तर सुमारे २७ दिवसांनी तेच वादळ परत येतं.

इशाऱ्याबद्दल : भूचुंबकीय वादळाबद्दलच्या वॉच, वॉर्निंग आणि अलर्ट या तिन्ही सूचनांना ‘इशारा’च म्हणण्याची गल्लत मला जास्त गंभीर वाटते, कारण तिन्हींमागचा पुरावा वेगळा असतो. वॉच निघतो तो किरीटदर्शकात (सूर्याची तबकडी झाकून किरीट पाहणाऱ्या दुर्बिणीत) लोट सुटताना दिसल्यावर, एक ते तीन दिवस आधी. त्या वेळी वेग आणि दिशा अंदाजानं कळतात, पण लोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरमुखी आहे की दक्षिणमुखी हे कळत नाही. वादळाचा जोर तर त्यावरच ठरतो. क्षेत्र दक्षिणमुखी असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरमुखी राहिलं तर मोठा लोटही बराचसा वाया जातो.

हे क्षेत्र मोजलं जातं एल१ बिंदूवर, पृथ्वीपासून १५ लाख किमी सूर्याच्या बाजूला. आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ५०० किमी असेल तर तिथून पृथ्वीपर्यंत ५० मिनिटं मिळतात, १००० असेल तर २५. वॉर्निंग या टप्प्यावर निघते. अलर्ट मात्र वादळाचा ठरलेला उंबरठा प्रत्यक्ष ओलांडला गेल्यानंतरचा असतो.

म्हणून वॉचला चाहूल, वॉर्निंगला इशारा आणि अलर्टला वर्दी म्हणावं. वर्दी झालेल्या गोष्टीचीच देतात, तो अर्थ इथे नेमका बसतो.

आणखी दोन चुका : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा केपी निर्देशांक ० ते ९ असा असतो आणि दर तीन तासांचा एक आकडा देतात. त्यात ‘५−’ लिहिलेलं असतं, त्याचं ‘उणे पाच’ करू नये. ते ‘पाचाला तृतीयांश कमी’ आहे, म्हणजे ४.६७. ‘५+’ म्हणजे ५.३३. वादळ ५ पासून धरतात. वादळाचे दर्जे जी१ ते जी५ : जी१ म्हणजे केपी ५, जी५ म्हणजे ९. पण ‘९−’ अजून जी४मध्येच मोडतो.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वादळात किती कमजोर झालं हे दाखवणाऱ्या डीएसटी निर्देशांकातला उणे मात्र खराच उणे असतो. मार्च १९८९च्या वादळात, ज्यात क्यूबेकची वीज गेली, तो −५८९ नॅनोटेस्लापर्यंत गेला होता. तेव्हा ‘डीएसटी निर्देशांक घसरला’ असं लिहिलं की वाचकाला वादळ ओसरल्यासारखं वाटतं, आणि घडलेलं असतं नेमकं उलट. ‘क्षेत्र −५८९पर्यंत खचलं’ असं लिहावं.

प्रश्नकर्ता : मग ‘एक्स१ ज्वालेबरोबर सुटलेला सौरलोट परवा पोचण्याची चाहूल, जी३ दर्जाचं भूचुंबकीय वादळ शक्य’, हे बरोबर?

उत्तर : बरोबर. फक्त ‘परवा’च्या जागी ‘परवाच्या सुमारास’ लिहा. पोचण्याच्या वेळेत दहाएक तासांची चूक नेहमीची आहे.