मदत हवी आहे: स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स या संशोधन-पेपरांच्या तिन्ही सूचींत सायटेशनचे, म्हणजे आपले पेपर किती वेळा उद्धृत झाले त्याचे, आकडे वेगळे. अर्जात कोणता लिहू?

टिळकवाडीकर:
नमस्कार. विषय मॉलिक्युलर बायॉलॉजी आणि इम्युनॉलॉजी, पेपर ३४. गूगल स्कॉलरवर सायटेशन ६१२, एच-इंडेक्स १४ (म्हणजे निदान १४ सायटेशन असलेले १४ पेपर). वेब ऑफ सायन्सवर ३४१ आणि १०. स्कोपसवर दोन प्रोफाइल दिसतात, एकात २२ पेपर, दुसऱ्यात ७. आडनाव पाटील, त्यामुळे स्कॉलरमध्ये उसावरचे तीन पेपर घुसलेत. एक प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेली प्रत) आणि त्याचाच छापील पेपरही वेगवेगळे दिसतात. बढतीच्या अर्जात "एकूण सायटेशन व एच-इंडेक्स" एवढाच रकाना आहे. आधी काय दुरुस्त करू?

निपाणीकर:
ताई, आधी स्कोपस घ्या, दुरुस्ती व्हायला वेळ तिथेच लागतो. प्रोफाइल का फुटलं ते बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग अधिकृतपणे बदललं, Belgaum चं Belagavi झालं. जुन्या पेपरांवरच्या पत्त्यात जुनं आणि नव्यांवर नवं, त्यात नावाचं कुठे एकच आद्याक्षर तर कुठे दोन, असं असलं की संगणक दोन माणसं धरतो. आपल्या भागातल्या बऱ्याच जणांचं असं झालंय. 'ऑथर फीडबॅक विझार्ड' उघडा, त्याला वर्गणी लागत नाही. दोन्ही प्रोफाइल निवडा, एकेक पेपर तपासून आपला आहे की नाही ते सांगा आणि विनंती पाठवा. तोवर दोन्हींचे एच-इंडेक्स मिळवून अर्जात लिहू नका, त्यांची बेरीज होत नाही. सगळे २९ पेपर एका यादीत सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावून हाताने मोजा.

खानापूरकर:
स्कॉलरचं काम दहा मिनिटांचं. उसाच्या पेपरांवर टिक करून डिलीट करा, चुकून आपला गेला तर ट्रॅशमधून परत येतो. त्याच बैठकीत आपोआप अपडेट बंद करून 'ईमेलने विचारा' हा पर्याय ठेवा. पाटील, कुलकर्णी, जाधव या आडनावांना तो चालू ठेवला की पंधरवड्यात पुन्हा कुणाचे तरी पेपर येऊन बसतात. प्रीप्रिंट आणि छापील पेपर दोन्हींवर टिक करून 'मर्ज' दाबा, मुख्य नोंद छापील पेपरची ठेवा. आकड्याशेजारी तारांकन दिसेल, घाबरू नका.

टिळकवाडीकर:
मर्ज केल्यावर एच वाढला तर ते गैर दिसेल का?

खानापूरकर:
नाही, काम एकच आहे. समजा सायटेशन अशी आहेत: ४१, २८, १९, १२, ९, ७, ६, ४, ३. सहाव्या पेपरला ७ आहेत, सातव्याला ६च, म्हणून एच ६. शेवटचे ४ आणि ३ हे एकाच कामाचे दोन तुकडे असतील आणि त्यांना उद्धृत करणारे पेपर वेगळे असतील, तर जोडून ७ होतात. मग सातव्या क्रमांकालाही ७ येतात आणि एच ७. दुसऱ्या एखाद्या यादीत दोन्ही तुकडे आधीच एचमध्ये मोजलेल्या वरच्या पेपरांत असले, तर मर्ज केल्यावर एच उलट कमीही होऊ शकतो. तरीही जोडायचंच.

निपाणीकर:
आता रकाना. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली सायटेशनंही मोजतं, बाकी दोघं स्वतः निवडलेल्या स्रोतांतलीच. म्हणून आकड्यापुढे स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवशीच्या पानाची छापील प्रत जोडा. एच स्कॉलरचा आणि सायटेशन स्कोपसची, अशी सरमिसळ मात्र नको. समितीतल्या जाणकाराला ती लगेच दिसते, मग बाकीच्या कागदांकडेही तो संशयाने बघतो. आय-१० (निदान दहा सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या) विचारला असेल तर तो स्कॉलरचाच निर्देशांक आहे.

इम्युनॉलॉजीत आणखी एक अडचण येते. शीर्षकात बीटा, गॅमा, कप्पा ही ग्रीक अक्षरं असली की दुसऱ्याच्या संदर्भसूचीत बीटाचं साधं 'बी' होतं, कधी नुसता चौकोन उरतो. मग ते सायटेशन मूळ पेपरशी जुळत नाही आणि हरवतं. तुमचे सायटोकाइनवरचे (प्रतिकारपेशींमधले संदेश नेणारी प्रथिनं) पेपर एकेक करून तपासा, त्यांच्या नावांत ही अक्षरं येतात. हरवलेलं सापडलं तर उद्धृत करणाऱ्या पेपरचा आणि तुमच्या पेपरचा, दोन्ही डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक) स्कोपसच्या मदत विभागाला पाठवा.

खानापूरकर:
आणि ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची स्वतंत्र ओळख) सोळा अंकी क्रमांक काढला नसेल तर आजच काढा, फुकट आहे. त्यावर सायटेशन मोजली जात नाहीत, पण पुढचा पेपर पाठवताना तो दिलात आणि क्रॉसरेफला (डीओआय नोंदवणारी संस्था) परवानगी दिलीत की पेपर आपोआप तुमच्या नावावर जमा होतो. जुने ३४ मात्र डीओआय टाकून स्वतः भरावे लागतील.