शब्दचर्चा : ‘शीत आघाडी’, ‘गारवा’ आणि रोजची हवामान-नोंद

प्रश्न (फोंडा) :

आमच्या शाळेत घटस्थापनेपासून मुले रोज सकाळी फळ्यावर हवामानाची नोंद लिहितात. तुलनेसाठी वर्गात युरोपातील शरद ऋतूतल्या नोंदींचा एक नमुना वाचून दाखवला. त्यात ‘कोल्ड फ्रंट’ येण्याआधीचे दोन-तीन दिवस टिपलेले होते : वारा नैर्ऋत्येकडून, हवेचा दाब उतरता, आभाळ भरत चाललेले, मग पावसाची जोरदार सर, वारा वायव्येकडे वळलेला आणि हवा एकाएकी थंड. या ‘फ्रंट’ला मराठीत काय म्हणावे? वर्तमानपत्रांत ‘थंडीची लाट’ असते, भूगोलाच्या लिखाणात ‘शीत आघाडी’ भेटते आणि कुठे कुठे ‘सीमापृष्ठ’ असाही शब्द दिसतो. दुसरे असे की, आमच्या फळ्यावर एका मुलीने ‘काल थंडीची आघाडी आली आणि पारा ३ अंशांवर घसरला’ असे लिहिले. वाक्य खटकते, पण ते नेमके कुठे चुकते हे तिला कसे समजावावे?

प्रतिसाद (वाळपई) :

दोन भिन्न गुणांच्या वायुराशी, एक थंड व कोरडी आणि दुसरी उबदार व दमट, जिथे एकमेकींना भिडतात ती सीमा म्हणजे फ्रंट होय. आणि थंड हवा पुढे सरकत उबदार हवेच्या खाली शिरून तिला वर उचलू लागली, की त्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या वर्षांत नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म बेर्कनेस यांच्या गटाने ही कल्पना घडवली, त्यांचे पुत्र याकोब बेर्कनेस यांचा त्यासंबंधीचा पायाभूत निबंध १९१९ साली प्रसिद्ध झाला, आणि नाव घेतले गेले ते युद्धातल्या आघाडीवरून. म्हणून ‘आघाडी’ हा शब्द मूळ कल्पनेला धरून आहे. ‘सीमापृष्ठ’ हा अधिक काटेकोर आहे, कारण ही सीमा नकाशावर रेघ म्हणून काढली जात असली तरी प्रत्यक्षात ती एक तिरकस पृष्ठ असते. शीत आघाडीचा उतार साधारणपणे ५० ते १०० किलोमीटरला १ किलोमीटर इतका असतो. शाळेत ‘शीत आघाडी’ शिकवावी आणि शास्त्रीय लेखात ‘शीत सीमापृष्ठ’ लिहावे, असे माझे मत आहे. मात्र एकाच लेखनात दोन्ही मिसळू नयेत. ‘थंडीची आघाडी’ ही रचना टाळावी, कारण थंडी ही आपल्याला जाणवणारी गोष्ट आहे आणि आघाडी असते ती हवेची. ‘लाट’ तर सर्वस्वी वेगळी आहे. लाट म्हणजे काही काळ टिकणारी स्थिती, सीमा नव्हे.

आपल्या विद्यार्थिनीच्या वाक्यातला पहिला दोष त्याहून खोल आहे. शीत आघाडी तिच्या खऱ्या रूपात गोव्यापर्यंत सहसा पोचतच नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ (कमी दाबाची क्षेत्रे) हिमालय आणि पंजाबच्या मैदानावरून पुढे सरकतात, त्यांच्या मागून उत्तरेची थंड, कोरडी हवा दक्षिणेकडे उतरते, आणि इतका प्रदेश ओलांडताना खालून तापत गेल्यामुळे आपल्याकडे येईपर्यंत तिला स्पष्ट अशी सीमा उरलेली नसते. कार्तिकात पहाटे जो गारवा येतो त्याचे कारण निरभ्र आकाश, हवेतला कमी झालेला ओलावा आणि रात्रभर जमिनीतून निघून जाणारी उष्णता हे आहे. त्यामुळे दिवस मात्र थंड होत नाहीत, उलट ऑक्टोबरपेक्षा नोव्हेंबरातल्या दुपारी अधिक तापलेल्या असतात. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा सत्तरी तालुक्यातल्या लोकांना हा फरक फार जवळून दिसतो : पहाटे अंगणातल्या केळीच्या पानावरून दव ओघळत असते आणि दुपारी बारानंतर त्याच अंगणात अनवाणी उभे राहवत नाही. यात कोणतीही आघाडी ‘आली’ नाही. नोंदीत जे दिसले व मोजले तेच लिहावे, आणि आघाडी हा नकाशावरून काढलेला निष्कर्ष नोंदीत घुसवू नये, हे मुलांना सुरुवातीलाच सांगणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

दुसरा दोष एका प्रत्ययाचा आहे. ‘३ अंशांनी उतरले’ म्हणजे २४ चे २१ झाले. ‘३ अंशांवर उतरले’ म्हणजे काश्मीर झाले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही हा घोटाळा आढळतो. ‘पारा घसरला’ हा वाक्प्रचार बातमीत शोभतो, नोंदीत नको. शिवाय नेहमीच्या किमान तापमापकात पारा नसतोच. त्यात अल्कोहोल असते, त्याच्या आत एक बारीक दर्शक असतो, आणि अल्कोहोल आकसताना तो दर्शक जिथवर ओढला जातो तिथेच राहतो. वाचन दर्शकाच्या, तापमापकाच्या फुग्यापासून दूर असलेल्या टोकाशी घ्यायचे असते. म्हणून ‘किमान तापमान २१ अंश सेल्सिअस, कालच्यापेक्षा ३ अंशांनी कमी’ असे लिहिणे उत्तम.

पुरवणी प्रश्न (फोंडा) :

आभारी आहे. आता ‘गारवा’, ‘गारठा’, ‘थंडी’ यांत तर-तम मानावा का? मुले एका ओळीत ‘थंडी पडली’ आणि दुसऱ्या ओळीत ‘वारा पडला’ लिहितात, तेही वाचताना अडखळायला होते.

प्रतिसाद (वाळपई) :

दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत आणि अर्थ मात्र उलट आहेत. थंडी, पाऊस, ऊन, धुके, दव ही ‘पडली’ म्हणजे आली; वारा ‘पडला’ म्हणजे थांबला. वारा येतो तेव्हा तो ‘सुटतो’. पाऊस थांबतो तेव्हा तो ‘उघडतो’, आभाळ ‘भरून येते’ आणि ‘निवळते’, धुके ‘विरते’. ही क्रियापदे मराठीने शतकानुशतके घासूनपुसून ठेवली आहेत आणि ती हाताशी असताना मुलांनी ‘वाऱ्याचे आगमन झाले’, ‘पावसाने विश्रांती घेतली’ असे का लिहावे, हे मला कळत नाही. फक्त ‘वारा पडला’ शेजारी ‘थंडी पडली’ येत असेल, तर पहिल्याऐवजी ‘वारा थांबला’ लिहावे, म्हणजे बाहेरगावच्या वाचकाचा घोटाळा होणार नाही.

तर-तम आहे. ‘गारवा’ सुखद असतो. उन्हाळ्यात सावलीतही गारवा असतो, त्यामुळे तो ऋतूशी बांधलेला नाही. ‘गारठा’ अंगात शिरतो, त्याला ओल किंवा वारा यांची जोड असते; श्रावणातल्या झडीतही गारठा येतो. ‘थंडी’ ऋतूची आणि तिचा ‘कडाका’ हा शेवटचा टप्पा. तो शब्द गोव्याच्या नोंदीत कधी वापरावा लागेल असे वाटत नाही. ‘थंडी पडते’ ती बाहेर, ‘थंडी वाजते’ ती माणसाला, आणि ‘थंडी भरते’ ती तापाच्या रोग्याला. नोंदीत केवळ पहिला प्रयोग चालेल. घरी कोंकणी बोलणारी मुले ‘हींव’ म्हणतात. तो शब्द परका नाही. आपला ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’ त्याच ‘हिम’पासून आलेले आहेत. फळ्यावरच्या शेऱ्यात कोणी ‘आज पहाटे हींव होते’ लिहिले, तर मी ते पुसणार नाही.

प्रतिसाद (काणकोण) :

मूळ प्रश्नातल्या ‘वारा वायव्येकडे वळला’ या वाक्याकडे लक्ष वेधतो. वारा वायव्येकडून येऊ लागला, की वायव्येच्या दिशेने वाहू लागला? हवामानशास्त्रात वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचे नाव असते, म्हणूनच नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. मराठीत ‘-कडे’ आणि ‘-कडून’ यांत एकाच अक्षराचे अंतर आहे आणि ते चुकले की नोंद नेमकी उलटी होते. ‘पूर्वेचा वारा’ ही जुनी रचना सर्वांत निर्धोक वाटते.

आमच्या किनाऱ्यावर दिशेइतकीच वेळही महत्त्वाची आहे. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा हे दोन शब्द पाठ्यपुस्तकांत आहेत, पण नोंदीत कोणी वापरत नाही. पावसाळा सरल्यावर पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो तेव्हा मतलई सकाळी उशिरापर्यंत टिकतो, खारा वारा उशिरा सुटतो, आणि त्या दिवशी दुपारचे तापमान चढते. ‘खारा वारा अकरानंतर सुटला’ एवढ्या चार शब्दांच्या नोंदीत त्या दिवसाची अर्धी हकिकत येते. आघाडीपूर्वी आणि आघाडीनंतर वारा जसा नैर्ऋत्येचा वायव्येचा होतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो, त्याला ‘सव्य’ वळला म्हणता येईल. उलट वळला तर ‘अपसव्य’. धार्मिक विधींमुळे हे शब्द गोव्यातल्या घराघरांत माहीत आहेत, त्यामुळे मुलांना ते अवघड जाणार नाहीत.

प्रतिसाद (पणजी) :

तारखेविषयी एक सूचना. आल्तिनो येथील वेधशाळेसह देशभरच्या हवामान विभागाच्या केंद्रांवर पावसाचे मापन सकाळी ८.३० वाजता होते आणि मागील २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लागतो. ऑक्टोबरात आपल्याकडे पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने ढग चढून येतात आणि संध्याकाळी गडगडाटासह पाऊस पडतो. तो सोमवारचा पाऊस मंगळवारच्या रकान्यात दिसला की मुले गोंधळतात. त्यामुळे ‘आजचा पाऊस’ न लिहिता ‘सकाळी ८.३० पर्यंतच्या २४ तासांतील पाऊस’ असे पूर्ण लिहावे. ‘तुरळक पाऊस’ हेही जपून वापरावे. बोलताना आपण तुरळक म्हणजे थोडा, हलका असे समजतो. हवामानवृत्तात ‘तुरळक ठिकाणी’ हे प्रमाण ठिकाणांचे असते, म्हणजे विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. त्या तुरळक ठिकाणी तो मुसळधारही असू शकतो.

पुरवणी प्रश्न (फोंडा) :

शाळेत दाबमापक आहे. सकाळच्यापेक्षा दुपारी दाब रोज उतरलेला दिसतो, म्हणून मुलांनी रोज ‘पावसाची शक्यता’ लिहिली. आणि पहाटे गारवा जास्त वाटला तर ‘थंडीची लाट’ लिहायला हरकत आहे का?

प्रतिसाद (वाळपई) :

उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते : सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, आणि रात्री तसाच आणखी एक फेरा होतो. हा फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल असतो. युरोपच्या नमुन्यातला ‘उतरता दाब’ हा या रोजच्या चढउतारापलीकडचा आहे आणि आघाडी निघून गेली की तो झपाट्याने चढतो. म्हणून आपल्या फळ्यावर आज सकाळच्या दाबाची तुलना काल त्याच वेळेच्या दाबाशी करावी आणि ‘२४ तासांत इतका चढला’ किंवा ‘उतरला’ असे लिहावे. ‘शक्यता’ हा शब्द अंदाजाचा आहे. त्यासाठी फळ्यावर वेगळा रकाना आखावा, म्हणजे निरीक्षण आणि अंदाज एकमेकांत मिसळणार नाहीत.

‘थंडीची लाट’ ही बोलीतली अतिशयोक्ती राहिलेली नाही, ती आता व्याख्या असलेली संज्ञा आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असावे लागते. किनाऱ्यावर ते तितके क्वचितच उतरते, म्हणून किनारी केंद्रांसाठी किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली अशी कसोटी आहे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर फोंड्याच्या फळ्यावरही लाट लिहावी. तोपर्यंत ‘पहाटे गारवा, दव भरपूर, वारा पूर्वेचा व मंद, आभाळ निरभ्र’ इतके लिहिले की नोंद पूर्ण होते.