इंग्लंडमधले खंदकवाडे: बुजलेला खंदक उपसावा का?

प्रश्न
सफोक, एसेक्सकडच्या शेतांत चौकोनी खंदकाच्या मधोमध उंचवटा दिसतो. मध्ययुगीन घर कधीच गेलेलं, खंदक अर्धा बुजलेला. गाळ काढून पाणी भरलं तर जागा जास्त टिकणार नाही का? संरक्षित यादीतल्या ठिकाणी याला एवढा विरोध का?

प्रतिसाद १
कारण जपायचा आहे तो गाळच. तळाचा थर कायम ओला असतो, तिथे प्राणवायू पोचत नाही. म्हणून पुलाची लाकडं, चामड्याचे जोडे, बिया, परागकण शेकडो वर्षं कुजत नाहीत. पोकलेनने एका दुपारी हे सगळं बांधावर येतं आणि वाळून भुगा होतं. शिवाय बादली तळाची चिकणमाती फोडून खाली वाळूत गेली, तर पाणीही ठरत नाही. शेजारच्या शेतात निचऱ्याचे पाइप टाकले तरी पाणीपातळी उतरते आणि न खणताच तळ सडू लागतो. हा धोका कुणी मोजत नाही.

प्रतिसाद २
कायद्याचं बघा. प्राचीन स्मारकांच्या १९७९ च्या कायद्यात दुरुस्ती, भराव, इतकंच काय पाणी सोडणंसुद्धा परवानगीच्या कामांत मोडतं. अर्ज हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेकडे, फी नाही. पण मंजुरीआधी काम सुरू केलं तर गुन्हा. मेटल डिटेक्टर फिरवायलाही लेखी संमती हवी. राहतं घर या यादीत घेता येत नाही, त्यामुळे पुष्कळदा खंदक एका यादीत आणि घर वारसा-इमारतींच्या दुसऱ्या यादीत असतं. परवानग्याही वेगळ्या. जागेची मालकी मात्र बदलत नाही, आणि लोकांना आत जायचा हक्कही आपोआप मिळत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे हे छोटे किल्लेच ना?

प्रतिसाद १
बहुतेक नाहीत. इंग्लंडमध्ये असे सुमारे ६,००० माहीत आहेत, बरेचसे १२५० ते १३५० मधले. वेढा थोपवण्यापेक्षा ऐपत दाखवणं, चोर नि जनावरं बाहेर ठेवणं, मासे पाळणं, भारी जमिनीतलं पाणी वाहून नेणं हे हेतू जास्त पटतात. खणलेली माती आत टाकूनच उंचवटा व्हायचा. काही खंदक तर तीनच बाजूंना आहेत, त्याला तटबंदी कोण म्हणेल?

प्रतिसाद ३
मग करायचं काय? उंचवट्यावर नांगर नको, कायम गवत ठेवा. मेंढ्या हलक्या हाताने चारा. पावसाळी दिवसांत गुरं सोडली की काठ तुडवून ढासळतात. झाड बुंध्याशी कापा, मुळासकट उपटू नका, नाहीतर मुळांबरोबर थरही वर येतात. तेही अधिकाऱ्यांना विचारूनच. पाणी असेल तर आधी मोठ्या कलगीवाल्या न्यूटची (सरड्यासारखा दिसणारा उभयचर) तपासणी करा. त्या प्राण्याला वेगळं संरक्षण आहे. गाळ काढणं अगदीच अटळ असेल तर प्रथम हातगिरमिटाने नमुने घेऊन थरांची खोली ठरवा, आणि वरचा अलीकडचा पालापाचोळाच उचला.