खर्ज गायब? इंटरफेस बदलायच्या आधी लूपबॅक करा

"तंबोरा रेकॉर्ड केला की खर्जच येत नाही, म्हणजे इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) गेला, नवीन घ्या" असं वर दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. अहो आधी लूपबॅक तरी करून बघा, टीआरएस केबलने (पाव इंची जॅकची बॅलन्स्ड वायर) इंटरफेसचा लाइन आउट सरळ त्याच्याच लाइन इनमध्ये घाला, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर सिग्नल गोल फिरत राहील, आणि आरईडब्ल्यूमधून (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं) २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर, सोडा. रेघ जवळपास सपाट आली तर त्या इनपुटचा काही दोष नाही. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर अगदी वरच्या टोकाला ती पडतेच, त्याने घाबरू नका.

मी सांगलीचा, मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्याला पिएझो पिकअप (लाकडाची कंपनं पकडणारी चकती) लावला तेव्हा माझंही हेच झालं होतं, नुसती जवारीची झणझण यायची आणि खाली सगळं पोकळ. लूपबॅक मात्र सपाट! म्हणजे इंटरफेस ठीक, चूक जोडणीची. कारण पिएझो म्हणजे एक कपॅसिटरच, तो साधारण १० नॅनोफॅरडचा धरा आणि लाइन इनपुट १० किलोओहमचा, तर दोघांचा मिळून खालचे सूर कापणारा फिल्टर होतो, १,६०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, आणि काळी एकचा खर्ज तर ७० हर्ट्झच्या आसपास, मग तो उरणार कुठून? तीच वायर इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावली, म्हणजे इन्स्टचं बटण दाबून, तिथे १ मेगाओहम मिळतो, हिशोब थेट १६ हर्ट्झवर येतो, आणि खर्ज भरून यायला लागला. तुमची वायर आत्ता कुठल्या इनपुटला आहे ते आधी सांगा.