चार्जिंगला लावली की जळका वास येतो

प्रश्न: घरच्या १५ अँपियरच्या पॉइंटवर इलेक्ट्रिक कार चार्जिंगला लावली की तासाभराने प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो. डॅशबोर्डवर इशारा नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडा, मगच प्लग काढा. पिना काळवंडल्या असतील, सॉकेटची भोकं पिवळी पडली असतील तर दोष तिथेच. पकड सैल झाली की रोध वाढतो आणि तासन्‌तास करंट वाहिल्याने प्लास्टिक वितळतं. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी रात्रभर ओढते!

उत्तर: नुसतं सॉकेट बदलू नका. मागची वायर कडक झाली असेल तर तेवढी कापा, स्क्रू आवळा. ४ चौ. मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, १६ अँपियरचं औद्योगिक सॉकेट, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हे सगळं बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

उत्तर: गाडीखालून गोडसर वास, फसफस किंवा धूर आला तर तपासत बसू नका. लांब व्हा, १०१ लावा.