साठवणीच्या गव्हात सोंडे झाले. विषारी गोळ्यांशिवाय काय करता येईल?

ओसरी:
नमस्कार. एप्रिलच्या शेवटी सासरच्या शेतातील ८० किलो गहू आम्ही पुण्याच्या घरी आणला. तो चाळून, निवडून दिवसभर गच्चीवर कडक उन्हात वाळवला, त्याच संध्याकाळी पत्र्याच्या कोठीत भरला आणि भरताना थराथरांत झाडावरून नुकताच तोडलेला कडुनिंबाचा पाला घातला. जुलैपर्यंत सर्व ठीक होते. आता गौरी-गणपतीसाठी दळण काढायला कोठी उघडली, तर वरच्या थरात सोंडे फिरताना दिसले, काही दाण्यांना बारीक भोके पडलेली होती आणि तळाशी पिठासारखा भुगा साचला होता. सोबत ठेवलेल्या मटकीलाही टोके (कडधान्याला लागणारे किडे) लागले आहेत. धान्याच्या दुकानदाराने कापडात गुंडाळून ठेवायच्या गोळ्या सुचवल्या; परंतु कोठी आम्ही झोपतो त्याच खोलीत आहे आणि घरात दोन वर्षांचे मूल आहे, त्यामुळे माझे मन धजावत नाही. सासूबाई म्हणतात की गावी निंबाच्या पाल्यावर वर्षभर गहू टिकत असे. मग माझे काय चुकले, आणि आहे तो गहू वाचवता येईल का?

कोठीघर:
ताई, आधी गोळ्यांविषयी लिहितो, कारण बाकी सर्व चुका सुधारता येतात, ही सुधारता येत नाही. धान्यात ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा हवेतील ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो, आणि त्यावर नेमका उतारा उपलब्ध नाही. बंदिस्त गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरण्याची ती वस्तू आहे. झोपायच्या खोलीत ती कोणत्याही परिस्थितीत आणू नये. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या पाऱ्याच्या टिकड्यांनाही मी घरात जागा देणार नाही. पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते, आणि लहान मुलासाठी तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

आता गव्हाकडे वळू. सोंडकिड्याची मादी दाण्याला सोंडेने छिद्र पाडते, त्यात अंडे घालते आणि ते छिद्र चिकट स्रावाने बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण किडा झाल्यावरच बाहेर येते. उबदार, दमट हवेत या सगळ्याला साधारण महिना ते सव्वा महिना लागतो. म्हणून चाळलेला, निवडलेला, डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसणारा गहूसुद्धा आतून किडलेला असू शकतो, आणि कोणताही पाला किंवा वास दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत पोहोचत नाही.

तुमच्या वर्णनात मला तीन गोष्टी खटकल्या. पहिली, पाला ताजा होता. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून, हातात चुरला की कुरकुरीत होईल तेव्हाच घालायचा असतो. हिरवा पाला किडीला फारसे दूर ठेवत नाही, उलट त्याचे पाणी धान्यात उतरते. दुसरी, गहू उन्हातून काढून त्याच संध्याकाळी भरला. वाळवलेले धान्य रात्रभर सावलीत, घरात पसरून पूर्ण निववावे लागते. गरम धान्य पत्र्याच्या कोठीत भरले की आत वाफ धरते, झाकणाखाली आणि कडेला घाम सुटतो आणि नेमक्या त्या जागी कीड व बुरशी जोर धरते. तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण जवळजवळ प्रत्येक घरी घडते. पावसाळ्यात आठवड्याच्या दळणासाठी मोठी कोठी वारंवार उघडली जाते आणि प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते.

गावी पाल्यावर गहू टिकत असे, हे सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. परंतु तिथे मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवलेला, दाताखाली कट्कन फुटणारा गहू बळदात (धान्याच्या बंदिस्त कोठडीत) किंवा शेणामातीने लिंपलेल्या कणगीत जात असे. माझ्या मते श्रेय पाल्यापेक्षा त्या उन्हाचे अधिक आहे. गव्हातील ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत असला तर सोंड्यांची वाढ फार मंदावते. कडुनिंबात किडीला रोखणारे द्रव्य आहे, पण ते पानांपेक्षा निंबोळीच्या गरात कितीतरी जास्त असते, आणि खायच्या धान्यात आपण निंबोळी मिसळत नाही.

खाडीकाठ:
मटकीविषयी थोडे सांगते. आमच्या रायगडात कडवे वाल आणि कुळीथ राखेत घोळवून ठेवण्याची पद्धत आहे. चुलीतील लाकडाची राख बारीक चाळून घ्यायची आणि दाण्यांमधील फटी भरतील इतकी सढळ मिसळायची. राखेने किड्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडला जातो, त्यामुळे तो कोरडा पडून मरतो, आणि फटीच उरल्या नाहीत म्हणजे त्याला फिरायला व अंडी घालायला जागा मिळत नाही. फ्लॅटमध्ये चूल नसते हे खरे, म्हणून शहरातील घरांसाठी एरंडेलच बरे. किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिली तेल, हाताने चोळून प्रत्येक दाण्याला लागले पाहिजे. टोक्यांची अंडी दाण्याच्या सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. तेलाच्या थराने त्यांची हवा बंद होते. शिजवण्यापूर्वी कडधान्य कोमट पाण्याने दोनदा धुतले की एरंडेलाचा वास राहत नाही. शक्य असेल तितक्या कडधान्याची डाळ करून ठेवावी, कारण टोक्यांना अखंड दाणाच अधिक मानवतो.

तांदळाला बोरिक पावडर लावण्याची सवय मात्र आमच्या घरी आम्ही बंद केली. पोटात गेल्यास ती लहान मुलांना अपायकारक असते आणि धुण्याने ती पूर्ण जातेच याची खात्री कशी द्यावी? तांदळालाही थोडे एरंडेल पुरते. तांदूळ कडक उन्हात मात्र घालू नये, दाण्याला चिरा पडून कणी होते.

पायवाट:
लवंग, हिंग, तमालपत्र, सुक्या मिरच्या हे सर्व माझ्या घरी अनेक वर्षे वापरले आहे. लहान डब्यात, महिनाभरात संपणाऱ्या धान्याला त्याचा काहीसा उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. कोठीत तो वास टिकत नाही. काही जण धान्यात काडेपेटी ठेवतात, ते कृपया करू नये. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते. ते अन्नात मिसळण्याची वस्तू नव्हे.

ओसरी:
सर्वांचे मनापासून आभार. कोठीघर काका, तिसरी चूकही आमच्याकडून झालीच आहे. दर रविवारी मीच कोठी उघडत होते. आता पुण्यात ऊन धड पडत नाही. तोवर या गव्हाचे काय करावे?

कोठीघर:
प्रथम सर्व गहू चाळून घ्यावा आणि भुगा घराबाहेर टाकावा. गच्चीच्या कोपऱ्यात ठेवला तर किडे परत येतात. मूठभर गहू पाण्यात टाकून पाहावा. पोखरलेले दाणे वर तरंगतात, त्यावरून नुकसान किती ते कळते. कुबट वास येत असेल किंवा बुरशी दिसत असेल तर तो गहू खाऊ नये. वास स्वच्छ असेल तर लागेल तेवढा गहू धुवून, तरंगणारे दाणे काढून, पंख्याखाली खडखडीत वाळवून लगेच दळून आणावा.

उरलेल्या गव्हासाठी डीप फ्रीझर मिळाला तर उत्तम. उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवल्यास अंडी आणि आतील अळ्याही मरतात. पाच-पाच किलोच्या घट्ट बांधलेल्या पिशव्या कराव्यात, आणि बाहेर काढल्यावर गहू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतील पाणी धरते. फ्रीझर नसेल तर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी आणि तोवर आठवड्यातून एकदा चाळत राहावे. कोठी रिकामी झाली की सांधे आणि तळाची कडा ब्रशने घासून, धुवून उन्हात तापवावी. पुढच्या वर्षी भरताना कोठी काठोकाठ भरून झाकणाला मेण किंवा चिकटपट्टी लावावी, कारण बंद जागेत उरलेला प्राणवायू किडेच संपवतात आणि मग त्यांची वाढ खुंटते. रोजच्या दळणाचा १० किलो गहू वेगळ्या डब्यात काढून ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडावी लागेल.