सहा आठवड्यांत घर रिकामं करायचंय आणि आईंना काहीच टाकायचं नाहीये

उल्हासकाठ

नमस्कार. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. कल्याण पश्चिम, तळमजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. १९९१ पासून इथेच आहोत. घर सोडायला सहा आठवडे आहेत. भाड्याचं घर मिळालंय ते वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, माळा नाही. माळा नाही हे मुद्दाम लिहिते, कारण आमचा निम्मा संसार माळ्यावर आहे.

त्याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी आमच्या घरात कंबरेएवढं चढलं होतं. सासऱ्यांचे फोटो, मुलीच्या बालवाडीच्या वह्या, आईंचा (माझ्या सासूबाई) लग्नातला शालू, सगळं चिखलात गेलं. शालू त्यांनी दोनदा धुतला, पण जरीत बसलेला गाळ निघाला नाही. तेव्हापासून घरात आलेली वस्तू वर जाते, आणि वर गेलेली खाली येत नाही. आई आता ८१ वर्षांच्या आहेत.

रविवारी शिडी लावून चढले. टीव्हीचे दोन खोके निघाले, टीव्ही कधीच गेले पण खोक्यांत थर्माकोल जसंच्या तसं. प्लास्टिकबंदी यायच्या आधीची गणपतीची चार थर्माकोलची मखरं. बंब, घंगाळ, नऊ पाट, एक जातं. श्रीखंडाचे रिकामे डबे मी मोजले, ६३ भरले. संक्रांतीच्या वाणात आलेल्या चहाच्या गाळण्या १७. ओटीच्या खणांचं एक बोचकं, ते अजून सोडलेलंच नाही.

त्या रात्री मी डब्यांची एक गोणी कचऱ्यात ठेवून आले. सकाळी बघते तर आई गेटजवळच्या कचराकुंडीपाशी उभ्या. हातात दोन डबे होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवस अर्धीच पोळी खात होत्या.

मला हे असं करायचं नाहीये. पण वेळही नाहीये. सकाळी ८ च्या आत निघते, परत यायला साडेसात होतात. नवरा आठवडाभर वापीला असतो. रोज रात्री फार तर एक तास मिळेल. कुठून सुरुवात करू? लवकर होईल आणि आईंना लागणारही नाही असं काही आहे का?

नाशिकची_नलू

आधी त्या वस्तू काढा ज्यांना मालक नाही. औषधांचा डबा उघडा, मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा (संडासात टाकू नका, केमिस्टला विचारा, काही जण घेतात). सुकलेली पेनं, बंद पडलेले चार्जर, ओट्याखालच्या प्लास्टिकच्या पिशव्या, कडक झालेली फडकी. यांच्यासाठी कोणाचं मन दुखत नाही आणि दोन रात्रींत चार पिशव्या भरतात. चार्जर आणि बॅटऱ्या ओल्या कचऱ्यात नकोत, वेगळ्या ठेवा.

डब्यांचं सांगते. सगळे डबे आणि सगळी झाकणं जमिनीवर पसरा आणि आईंनाच जोड्या लावायला बसवा. झाकण नसलेला डबा त्या स्वतःच बाजूला सारतील. माझ्या आईने सारले.

आणि उद्याच्या उद्या टेप घेऊन भाड्याच्या घरी जा. ओट्याखालचे कप्पे, कपाट, दिवाणाच्या आतली जागा मोजून या. मग 'काय टाकू' हा प्रश्न राहत नाही, 'एवढ्यात काय बसवू' हा राहतो.

आजोळ_वाई

ताई, तुमचा तो गेटजवळचा प्रसंग वाचून गलबलून आलं. तीन वर्षांपूर्वी वाईला आईचं घर मी रिकामं केलं. ती गेल्यावर केलं, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. तुमच्या आई समोर आहेत हे किती मोठं आहे, ते मला विचारा.

एक गोष्ट सांगते, आणि माझ्या मते सगळं हिच्यावरच आहे. त्यांना 'हे ठेवायचं का?' असं विचारूच नका. पुरात एकदा सगळं गेलेलं माणूस त्या प्रश्नाला 'ठेव' असंच म्हणणार. 'हे कोणाला देऊ?' असं विचारा. त्या पिढीच्या बायकांना टाकणं जमत नाही, देणं मात्र फार छान जमतं. माझ्या मावशीने, जी साधी सुतळी फेकत नाही, तिने एका दुपारी सात पातेली नावानिशी वाटून टाकली. 'हे यमूच्या सुनेला, तिच्याकडे दूध उतू जातं, हे उंच आहे.' प्रत्येक भांड्यासाठी तिच्या डोक्यात कोणीतरी आधीच ठरलेलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता कामाचं.

खण. ओटीत आलेले खण ओटीतच फिरवा. बोचकं आईंच्या पुढ्यात सोडा, चांगले पंचवीस-तीस निवडून घ्या. घर सोडण्याआधी शेजारणींना हळदीकुंकवाला बोलवा आणि आईंच्या हातून ओट्या भरा. चौतीस वर्षांचा शेजार आहे, निरोपही होईल. उरलेल्या खणांच्या पिशव्या शिवणारे बचत गट असतात, ते आनंदाने नेतात. १७ गाळण्यांचंही तेच, नव्या असतील तर त्याच दिवशी वाणात जाऊ द्या.

सुती साड्या. मऊ झालेल्या बोहारणीला देऊ नका, गोधडी शिवून घ्या. आमच्याकडच्या बाईंनी चार साड्या मागितल्या होत्या, वरखाली दोन धड आणि आत दोन विरलेल्या. कपाटाचा एक कप्पा मोकळा झाला आणि आईच्या साड्या रोज अंगावर येतात. बोहारणीला सिंथेटिक द्या, त्यांचं दुसरं काही होत नाही. जरीच्या साडीला मात्र ती एका पातेल्यात गुंडाळायला बघेल, तिथे घाई नको. आणि तो शालू, गाळ बसलेला, तो तसाच जाईल तुमच्याबरोबर. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, घड्या बदला म्हणजे जुन्या घडीवर फाटणार नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, तिचा धागा काळा पडतो.

तांबं-पितळ. मोडीत घालायचंच असेल तर आधी घरी वजन करा, सामानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुरतो. तांबं वेगळं, पितळ वेगळं. एकत्र दिलं की सगळं पितळेच्या भावाने जातं. दुकानदार घट धरतो, म्हणजे वजनातून काही भाग कापतो, तो किती ते तोलायच्या आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. पण आमचा बंब मी मोडला, आणि आज वाटतं की एखाद्या शेतावरच्या घरात तो पेटला असता. तेव्हा मोडण्याआधी गावाकडे चार फोन करा.

थर्माकोल आणि खोके कोणाला देताही येत नाहीत. ते आई दुपारी झोपल्यावर नका काढू. त्यांच्यासमोर काढा. वाईट वाटू दे, पण पाठीमागे नको. एकदा पाठीमागे झालं की मग त्या प्रत्येक पिशवी उघडून बघतात, आणि सगळं काम दुप्पट होतं.

निवृत्त_रोखपाल

३६ वर्षं बँकेत होतो, त्यामुळे फक्त कागदांबद्दल लिहितो.

पुनर्विकास आहे म्हणजे फ्लॅटचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे एका पिशवीत घालून आजच बाजूला ठेवा. ती पिशवी टेम्पोत जायची नाही, तुमच्या खांद्यावर जायची. सासऱ्यांच्या नावावर काही असेल तर त्यांचा मृत्यूचा दाखला, पेन्शनचे आदेश, विम्याची मूळ पॉलिसी, गॅसचं पुस्तक त्याच पिशवीत.

रद्दी द्यायच्या आधी प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटका. काउंटरवर असताना मी पोथीतून, पंचांगातून, पाककृतींच्या वहीतून निघालेल्या मुदत ठेवींच्या पावत्या बघितल्या आहेत. दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करते, पण हक्क बुडत नाही, वारसाला बँकेकडे मागता येते. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर अनेक बँकांतल्या अशा ठेवी नावावरून एकदम शोधता येतात. कागदी शेअर सापडले तर तेही फेकू नका. १ एप्रिल २०१९ पासून ते कागदावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, करावे लागतात. आणि २००० च्या नोटा निघाल्या तर रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत जमा होतात, तुम्हाला बेलापूर जवळ पडेल.

विजेची, फोनची जुनी बिलं खुशाल जाऊ द्या. सोसायटीच्या पावत्या मात्र 'येणे बाकी नाही' असं लेखी मिळेपर्यंत ठेवा. आधार, पॅनच्या झेरॉक्स रद्दीत अखंड देऊ नका. नाव-नंबरचा भाग फाडून रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी लगदा होतो.

एडिसनहून

इथे न्यू जर्सीत बसून एकच लिहितो. तुमच्या माळ्यावर मुलीची, पुतण्यांची, आमच्यासारख्या परदेशी गेलेल्यांची खोकी असतील. माझी तीन होती, इंजिनिअरिंगची पुस्तकं आणि जर्नलं, २००२ पासून बाबांच्या घरी. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी टाकलं नाही. बाबा दर पावसाळ्याआधी ती उतरवून पुसून परत ठेवायचे, हे मला आईकडून फार उशिरा कळलं. ज्यांची खोकी आहेत त्यांना फोटो पाठवा आणि तारीख द्या. निर्णय त्यांचा आहे, तुमचा किंवा आईंचा नाही.

नाशिकची_नलू

रोखपाल काका, तुमचं वाचून पंचांगं झटकली. पावती नाही मिळाली, पण वडिलांच्या अक्षरातला एक कागद मिळाला. धन्यवाद.

उल्हासकाठ

चार आठवडे झाले, सगळ्यांना सांगावं म्हणून आले.

वाईच्या ताई, तुमचा प्रश्न मी त्याच रात्री वापरला. पुरणयंत्र हातात घेतलं आणि म्हटलं, 'आई, हे कोणाला देऊ?' आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'आण इकडे.' मांडीवर घेतलं, दांडा फिरवून बघितला, जाळी काढून बोटाने आतून पुसली. म्हणाल्या, 'हे वंदनाला. तिच्याकडे होळीला पंधरा माणसं असतात आणि मिक्सरात पुरण चिकट होतं.' वंदना म्हणजे माझी धाकटी जाऊ. मग म्हणाल्या, 'वही आण.' त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. त्या रात्री अकरा वस्तू झाल्या. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर वही त्यांच्या हातात होती, आणि शेजारच्या मुलाला बसवून त्यांनी अजून सव्वीस लिहून घेतल्या होत्या.

बंब रायत्याला एका ओळखीच्यांच्या शेतघरी गेला. घंगाळ ठेवलंय, त्यात धान्य राहील. नऊ पाटांपैकी दोन बरोबर येतील, बाकीचे वरच्या मजल्यावरच्यांच्या मुंजीसाठी दिले. पुस्तकं आणि दिवाळी अंक घेऊन कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात आधी विचारायला गेले. १८६४ सालची संस्था आहे, त्यांच्याकडे बरंच काही असणार. त्यांना हवी होती तेवढीच दिली, बाकीची रद्दीत. प्रत्येक पुस्तक झटकलं. पावती निघाली नाही, पण सासऱ्यांच्या एका पुस्तकात माझ्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण होतं. पाण्याच्या दिवशी ते पुस्तक शेजाऱ्यांकडे वाचायला दिलेलं होतं म्हणून वाचलं. आईंनी ते देवघरात ठेवलंय.

६३ डब्यांचे १४ राहिले, सगळ्यांना झाकणं आहेत. थर्माकोल त्यांच्यासमोरच काढलं. एका मखराला सासऱ्यांनी कापलेली महिरप होती, तेवढी कापून घेतली. जागा मोजून आणली होती, कपाटाच्या वर आडवी बसते.

हळदीकुंकू येत्या शुक्रवारी आहे. खण आईंनी स्वतः निवडले, कोणत्या बाईला कोणता रंग तेही सांगितलंय.

जात्याचं मात्र काही ठरत नाहीये. वहीत त्याच्यापुढे नाव नाही. दोन्ही तळ्या धड आहेत, खुंटा नाही, आणि टाकी लावून (छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून) घ्यावी लागेल. दोन माणसं लागतील उचलायला. आई म्हणतात, दळणाऱ्या घरीच जायला हवं, शोभेला बागेत ठेवणारे नकोत. कल्याण, बदलापूर, मुरबाडकडे कोणाला खरंच वापरायला हवं असेल तर इथे लिहा, शनिवारपर्यंत आम्ही घरात आहोत.